शरयूचं हळदीकुंकू

माझी बायको शरयू दिवाळीनंतर वारली. पुढच्या संक्रांतीला तिने आमच्या घरी हळदीकुंकू केलं, आणि ते अजून चालू आहे.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करतात हे मला माहीत आहे. रथसप्तमी गेली, होळी गेली, पाडवा गेला, आता आंब्याला पाड लागला आहे. बायका येतात, चपला काढतात, आत जातात. मी ओट्यावर असतो. घरात हळदीकुंकू असलं की पुरुषमाणूस आत बसत नाही. ती जिवंत असताना कधी बसलो नाही, तर आता कसा बसू?

त्या दिवशी मी गिरणी बंद करून घरी आलो. आमची पिठाची गिरणी आहे, घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. वर्ष व्हायचं होतं, त्यामुळे सण करायचा नव्हता. मी तीळही आणले नव्हते. पण ओटा चपलांनी भरला होता आणि आतून शरयूचा वाचण्याचा आवाज येत होता. दारात कालिंदी उभी होती. ही समोरच्या घरातली नवी सून. लग्न होऊन आली तेव्हापासून शरयूच्या मागे मागे असायची.

"काका, आत बायका आहेत," ती म्हणाली.

"माझं घर आहे."

"हो. पण बायका आहेत."

मी चपलांमध्ये जागा करून बसलो.

"तीच वाचतेय का?"

"मग कोण वाचणार?"

"कशी आहे?"

"बरी आहे. जरा बारीक वाटते."

"आजारपणात झाली होती."

"असेल," कालिंदी म्हणाली आणि तिने दार अर्धं लोटून घेतलं.

यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. गल्लीतल्या बायकांनी मला समजावून सांगितलं. शरयू सवाष्ण गेली. तिला हिरवी साडी नेसवली होती, ओटी भरली होती, कपाळभर कुंकू लावलं होतं. सवाष्ण बाईने हळदीकुंकू केलं तर तिला कोणी अडवायचं?

आत ती काय वाचत होती तेही सांगतो. संक्रांतीला बायका वाण लुटतात. कोणी गाळण्या देतं, कोणी प्लास्टिकचे डबे, कोणी फण्या. शरयू पुस्तकं द्यायची. रद्दीच्या दुकानातून ती जुनी मासिकं निवडून आणायची, ज्यांत दुसऱ्या ग्रहांवरच्या, यंत्रमाणसांच्या, काळात मागे जाण्याच्या गोष्टी असत. मुखपृष्ठावर हटकून एखादं यान असायचं. पहिल्या वर्षी बायका हसल्या. "शरयूवहिनींनी वाणात रद्दी दिली," असं गल्लीभर झालं. दुसऱ्या वर्षी त्याच बायका क्रमशः गोष्टींचे पुढचे भाग मागायला आल्या.

ती मॅट्रिकपर्यंत शिकली होती. तिच्या शाळेत मुलांना विज्ञान होतं आणि मुलींना गृहशास्त्र. चकलीची भाजणी शिकताना तिला खिडकीतून मुलांच्या प्रयोगशाळेतला निळा जाळ दिसायचा. हे तिने मला लग्नानंतर सांगितलं होतं.

"जाळ काय, चुलीतही असतो," मी म्हणालो होतो.

"तो निळा नसतो," ती म्हणाली होती.

गिरणीत लाइट गेली की दळणाच्या रांगेतल्या बायका आपापल्या डब्यांवर बसायच्या आणि शरयू वाचायला घ्यायची. लाइट आली की मी बटण दाबायचो. गोष्ट कुठेही असली तरी दाबायचो. यान उतरत असलं तरी दाबायचो. लाइट आली म्हणून हळहळणाऱ्या बायका मी दुसऱ्या कुठल्या गिरणीत पाहिल्या नाहीत. त्या गोष्टी मला आवडत नव्हत्या असं नाही. मी त्या ऐकल्याच नाहीत. ती वाचताना मी तिचं तोंड बघायचो. घरी माझ्याशी बोलताना ते तसं होत नव्हतं.

पहिल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की आत जाऊन आलेल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू हलतं. आधी घामाने ओघळलं असेल असं वाटलं. पण ते ओघळत नव्हतं. ते गोल फिरत होतं, कपाळाच्या मध्यभोवती, सावकाश. एकीचं तांबडं होतं, एकीचं निळसर. कालिंदीच्या कुंकवाला बारीक कडं होतं, आणि ते कडं कुंकवाला चिकटलेलं नव्हतं.

"हे काय?" मी तिला विचारलं.

"ग्रह आहे."

"पुसत नाही का?"

"फिरतोय ना काका. पुसायला जागेवर सापडायला नको का?"

आमच्या शेजारी जयमालाबाई राहतात. नवरा जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांना गल्लीत कोणी हळदीकुंकवाला बोलवत नव्हतं, आणि त्याही त्या दिवसांत दार लावून बसायच्या. कालिंदी त्यांना बोलवायला गेली. त्या आमच्या ओट्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"मला कशाला गं?"

"काकूंनी नाव घेऊन बोलावलंय."

"चुकून घेतलं असेल."

"दोनदा घेतलं."

जयमालाबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाजूला सरकलो. त्या आत गेल्या आणि चार दिवसांनी बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर दोन कुंकवं होती, एकमेकांभोवती फिरणारी. त्या ओट्यावर बसून पदराने वारा घेत म्हणाल्या, "भाऊजी, वहिनींचं वाचन म्हणजे ऐकत राहावं."

"मला बोलावलं का?"

"नाही."

"माझं नाव तरी घेतलं का?"

"गोष्ट चालू होती हो. मध्ये कसं घेणार?"

जूनमध्ये कॉलेजचं नवं वर्ष सुरू होईपर्यंतसुद्धा त्या थांबल्या नाहीत. बाहेरून परीक्षा द्यायची सोय असते ती त्यांनी शोधून काढली, आणि तोवर नुसतं ऐकायला म्हणून गावातल्या कॉलेजात जाऊन बसू लागल्या.

चार दिवस का लागले, हे मला नंतर कळलं. आमचं घर आतून लांब होत होतं. हळदीकुंकू सुरू झालं तेव्हा शरयू मधल्या खोलीत होती. मग ती स्वयंपाकघराकडे सरकली. माघ संपता संपता बायका आत जाताना भाकरीचं गाठोडं घेऊन जायला लागल्या. "परवा निघालेल्या अजून देवघरापाशीसुद्धा पोचल्या नाहीत," असं कालिंदी मला सांगायची, जसं एखादी एसटी उशिरा असल्याचं सांगावं तसं.

मी मागच्या बाजूने जाऊन बघून आलो. मागची भिंत होती तिथेच होती, पलीकडच्या गोठ्याला लागून. मी भिंतीवर जोरात टकटक केली. आतून काही आलं नाही. परत येऊन ओट्यावर बसलो.

शिमगा जवळ आला तेव्हा कालिंदीने दारातून डोकं बाहेर काढलं.

"काका, भिंतीवर टकटक तुम्ही केली होती का?"

"ती माघात केली होती."

"काकूंना आत्ता ऐकू आली. कोण आहे विचारतायत."

"मी आहे म्हणून सांग."

"सांगते. पण पोचायला वेळ लागेल."

जयमालाबाईंनी मला ते नीट फोड करून सांगितलं. शरयूचा आवाज स्पष्ट येतो, फक्त उशिरा येतो. आपण आज जे ऐकतो ते तिने आज वाचलेलं नसतं. घर जितकं लांबतं तितका आवाज जुना होत जातो.

"ताऱ्यांचा उजेड नाही का, जुनाच येतो," त्या म्हणाल्या.

"मग ती आत्ता काय करते आहे?"

"ते कोणालाच कळायचं नाही."

"कालिंदीलाही नाही?"

"तिलाही नाही."

याचं मला थोडं बरं वाटलं.

घराला आत फरशी कमी पडत होती, म्हणून ते ओट्यावरची घेत होतं. शहाबादी फरशा आहेत आमच्या, मी स्वतः बसवून घेतलेल्या. दर काही दिवसांनी एक फरशी उंबऱ्याखालून आत जायची. आवाज व्हायचा नाही. उठून पाणी पिऊन यावं आणि बसायला जावं तर जागा कमी. आधी मी मांडी घालून बसायचो. मग गुडघे पोटाशी घेऊन बसायला लागलो. चपला आता रस्त्यावर ठेवाव्या लागत होत्या.

मी कालिंदीबरोबर निरोप पाठवायचो. "माझी आठवण येते का, विचार." "घरात माझी चष्म्याची डबी कुठे आहे, विचार." "आणखी किती दिवस, विचार." उत्तरं यायची ती कुठल्या प्रश्नाची होती ते मला आठवायचं नाही. एकदा नुसतं "हो" आलं. एकदा "कपाटाच्या वरच्या कप्प्यात" आलं. एकदा तिने उलट विचारलं, "जिथे आवाज पोचायला वर्ष लागतं तिथल्या माणसाशी भांडण कसं मिटवायचं?" मी तीन दिवस त्यावर विचार केला आणि मग कळलं की तो प्रश्न सगळ्या बायकांना होता. गोष्टीतला होता.

कालिंदीला त्याचं उत्तर देता आलं होतं. तिचं उत्तर शरयूला आवडलं, असंही तिने मला सांगितलं. मी तिला म्हणालो, "तुझ्या सासूबाईंना वाटतं तू इथे हळदीकुंकवाला येतेस."

"हळदीकुंकवालाच येते."

"तीन महिने?"

"संपलं की जाईन घरी," ती म्हणाली. "काका, तुम्ही माझ्यावर का चिडता?"

"चिडत नाही."

"मग तोंड असं का केलंय?"

"माझं तोंड असंच आहे."

पाडव्याच्या आधी गुंजाळ सर स्कूटरवरून आले. ते कॉलेजात फिजिक्स शिकवतात. स्कूटर लावतानाच त्यांचं बोलणं सुरू झालं.

"अण्णा, हे काय चालवलंय तुम्ही?"

"मी काही चालवत नाही. मी बाहेर आहे."

"माझ्या वर्गात बायका मावत नाहीत. मागच्या बाकांवर दळणाचे डबे घेऊन बसतात. पोरं बिचारी व्हरांड्यात उभी राहतात."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय? गोष्टी वाचून विज्ञान येत नसतं. गोष्टीत काय, यान सुटलं की सुटलं. इंधनाचा हिशेब कोण करतं?"

जयमालाबाई तेव्हा आतून बाहेर पडत होत्या. त्या म्हणाल्या, "मी केला, सर. त्या गोष्टीतलं यान पोचतच नाही. अर्ध्यात इंधन संपतं. म्हणून तर कॉलेजात यायला लागले."

सर म्हणाले, "कुठली गोष्ट?"

जयमालाबाईंनी त्यांना मासिक दिलं. त्यांनी ते गुंडाळी करून काखेत धरलं. सरांची बायकोही आत होती. तिला घेऊनच जाणार म्हणून ते माझ्या शेजारी बसले. ओट्यावर तेव्हा दोघांना जेमतेम जागा होती, त्यामुळे त्यांचा गुडघा माझ्या बरगडीत रुतत होता.

"तुम्ही वाचलंय का यातलं काही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकही?"

"तिने एकदा वाचून दाखवली होती. मला झोप लागली."

ऊन चढलं तसं सर त्या मासिकाने वारा घ्यायला लागले. मग वारा घेता घेता एक पान उघडं राहिलं. मग वारा थांबला. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांचं तोंड बदलायला लागलं. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. बराच वेळ गेला. शेवटचं पान संपल्यावर त्यांनी मान वर केली आणि कोणाकडेही न बघता विचारलं, "अरे, पण मग तिला परतीची वाट कशी सापडली?"

दार उघडलं. कालिंदीने त्यांना गंध लावलं.

"या सर."

ते उठले. एक बूट काढला, दुसरा काढायचं विसरले, आणि आत गेले.

"हळदीकुंकवात पुरुष?" मी म्हणालो.

"त्यांनी विचारलं ना."

"मी तर रोज विचारतो."

"तुम्ही काकूंबद्दल विचारता, काका."

दार लोटलं गेलं. माझ्या बायकोच्या घरात माझ्याखेरीज दुसरा पुरुष गेला. त्याचा एक बूट माझ्याजवळ राहिला. दोन दिवसांनी आतून सरांचं हसू ऐकू आलं, मोकळं, पोट धरून हसावं तसं. जयमालाबाई म्हणाल्या की ते अजून जवळच असणार, म्हणून इतक्या लवकर आलं. मी तो बूट रस्त्यापलीकडच्या गटारात टाकला.

मग मीही वाचायला बसलो. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांकडून मासिकं मागून घेतली. पानं नीट एकामागून एक उलटली, एकही सोडलं नाही. वाचून झाल्यावर दार वाजवलं.

"वाचली," मी म्हणालो.

"काय झालं गोष्टीत?" कालिंदीने विचारलं.

"सुरुवातीलाच एका पानावर हळदीचं बोट उमटलंय. तिचंच आहे. आंगठ्याजवळचं बोट, त्याला चीर होती."

"गोष्टीत, काका."

"पुढे एक पान दुमडलंय. तिथे तिचा डोळा लागला असणार. आणि मधल्या पानाला माक्याच्या तेलाचा वास आहे."

"आणि समुद्राखाली ते शहर होतं, तिथे काय झालं?"

"कुठला समुद्र?"

कालिंदी माझ्याकडे बघत राहिली. तिचं कुंकू कपाळाच्या पलीकडे गेलं होतं, नुसतं कडं दिसत होतं.

"तुम्हाला पुस्तकातसुद्धा काकूच सापडतात," ती म्हणाली.

"मग दुसरं काय शोधू?"

"ते मी कसं सांगू?"

मी आणखी तीन मासिकं वाचली. सगळ्यांत शरयू होती. समुद्र कुठल्यातच नव्हता.

जयमालाबाईंनीच मला आणखी एक सांगितलं. त्यांना वाटलं मला ठाऊक असेल. मी त्यांना विचारलं होतं की हे संपणार कधी.

"वहिनी सवाष्ण आहेत तोवर चालणार," त्या म्हणाल्या.

"आणि सवाष्ण किती दिवस?"

"म्हणजे काय? तुम्ही आहात तोवर."

तेव्हा मला बायकांचं वागणं कळलं. गेला महिनाभर त्या माझी फार काळजी घेत होत्या. कोणी पिठलं-भाकरी आणायचं, कोणी ताक, कोणी उन्हासाठी छत्री धरायचं. गुंजाळ सरांच्या बायकोने आतून ब्लडप्रेशरचं यंत्र पाठवलं होतं. कालिंदी दोन्ही वेळेला माझ्या मनगटावर बोटं ठेवून, डोळे मिटून बसायची. मला वाटलं होतं, बायको गेलेला माणूस म्हणून माया करतात. त्या गोष्ट अर्ध्यात तुटू नये म्हणून करत होत्या. गिरणीत लाइट जाऊ नये म्हणून मी मीटरला हात जोडायचो, तसंच हे.

आता ओट्यावर एकच फरशी उरली होती. मी तिच्यावर उकिडवा बसलो आणि म्हणालो, "मी आजपासून जेवणार नाही."

"का?" कालिंदी म्हणाली.

"तिला बाहेर येऊ दे. नाहीतर मला आत घ्या."

"आत यायला तुम्हाला कोणी अडवलंय?"

"तुम्ही सगळ्यांनी."

"काका, असं करू नका."

"बायको माझी आहे. तुम्हाला सगळ्यांना मिळते आणि मलाच मिळत नाही. त्या मास्तरलासुद्धा मिळते. मग कोणालाच नको."

कालिंदीने भाकरीचं ताट खाली ठेवलं. मी तिला पहिल्यांदा रागावलेली पाहिली.

"तुम्हाला माहितीये का, मी घरातून बाहेर कशी पडते?" ती म्हणाली. "लायब्ररीत जाते म्हटलं तर सासरे विचारतात, कशाला? कॉलेजात जाते म्हटलं तर नवरा विचारतो, आता कशाला? हळदीकुंकवाला जाते म्हटलं की कोणी काही विचारत नाही. उलट सासूबाई वेणी देतात माळायला. आत दुर्बिणीची भिंगं घासतोय आम्ही. माझं भिंग अर्धं झालंय. तुम्ही मेलात की मी घरी. मग परत नाही."

"मी काय करू त्याला?"

"जेवा," ती म्हणाली.

मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी बायकांच्या कपाळावरची कुंकवं मंद झाली. फिरण्याचा वेग कमी झाला. एकेक जण बाहेर आली आणि माझ्यासमोर रस्त्यावर उभी राहिली. गल्ली भरली. गुंजाळ सरही आले होते, एका पायात बूट घालून. ते खूप वाळले होते आणि खूश दिसत होते. त्यांनी दुसऱ्या बुटाबद्दल विचारलं नाही.

आतून शरयूचं वाचन चालू होतं. एक बाई बर्फाच्या चंद्रावर भोक पाडत होती, बर्फाखाली पाणी होतं की नाही ते बघायला. भोक पडत आलं होतं. शरयूने वाचलं, "तिने दोर खाली सोडला आणि दोर..."

आणि ती थांबली.

संक्रांतीपासून तिचा आवाज कधी थांबला नव्हता. गल्लीत कोणी हललं नाही. उपाशी असलो तरी मला एकदम हलकं वाटलं. मी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, कालिंदीकडे सगळ्यांत जास्त वेळ.

मग आतून पुन्हा आवाज आला. तो वाचण्याचा नव्हता. तिचा घरातला आवाज होता, कणीक मळताना बोलायची तो.

"ते राहू द्या गं जरा. आमचे हे काय करतायत बाहेर? पुढं काय झालं त्यांचं?"

"बघा," मी म्हणालो. "बघा, दोन दिवस उपाशी राहिलो तेव्हा थांबली. माझ्यासाठी थांबली. तुमची गोष्ट टाकून थांबली."

जयमालाबाई ओठ हलवत होत्या. त्या काही हिशेब करत होत्या. त्या पुढे आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"भाऊजी, आवाज जुना येतो."

"मग?"

"हे वहिनींनी आत्ता नाही विचारलं. इतक्या लांबून यायचं म्हणजे हे होळीच्या सुमाराला विचारलेलं आहे."

"होळीला मी जेवत होतो."

"हो."

होळीला मी पुरणपोळी खाल्ली होती, कालिंदीनेच आणलेली, आणि ओट्यावर पेंगत होतो. तेव्हा तिथे तीन माणसं झोपतील एवढा ओटा होता. मी कोणाला काही धमकी दिली नव्हती. तेव्हाच, कोणी न सांगता, ती दोर अर्ध्यात सोडून थांबली होती आणि तिने विचारलं होतं. आणि तेव्हापासून आजपर्यंत ती तिथे उत्तराची वाट बघत असेल, किंवा कंटाळून पुढे वाचायला लागली असेल. दोन्ही मला ऐकू यायचं बाकी होतं.

"आता सांगितलं तर कधी पोचेल?" मी विचारलं.

"आवाज आला त्यापेक्षा उशिरा," जयमालाबाई म्हणाल्या. "घर वाढतंय ना. पावसाळा उजाडेल. आणि वहिनींचं त्यावरचं बोलणं परत यायचं तर दिवाळी."

"दिवाळीपर्यंत जगायला पाहिजे मग," गुंजाळ सर म्हणाले. ते सहज बोलले, जसं एखादं गणित फळ्यावर सुटताना मोठ्याने बोलावं.

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. आजवर त्या माझ्याकडे दिव्याच्या मीटरकडे बघावं तशा बघत होत्या. आता तसं नव्हतं. त्यांनाही माहीत नव्हतं की पुढे काय झालं. मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होतो ते मलाही कळलेलं नव्हतं. तेवढ्यात कालिंदीने माझ्या तोंडात भाकरीचा घास घातला.

"आधी हे," ती म्हणाली. तिची दोन बोटं माझ्या मनगटावर होती.

माझ्या पायाखालची फरशी सरकली. मी उंबऱ्यावर आलो, टाचा बाहेर, बोटं आत. दार पुरतं उघडलं होतं. आत काळोख होता, आणि तो किती लांबवर होता ते दिसत नव्हतं. मी घास चावत होतो. भाकरी गरम होती, लसणाची चटणी लावलेली.

आतून बांगड्या वाजल्या.

"उठल्या," कालिंदी पुटपुटली. "काकू उठल्या."

"इकडे येतेय का?" मी भरल्या तोंडाने विचारलं. "का आणखी आत चाललीय?"

"एका आवाजावरून नाही सांगता येत," जयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी हात वर केला. कपाळावरची त्यांची दोन्ही कुंकवं जागच्या जागी उभी राहिली होती. "दुसरा येऊ द्या. गप्प राहा सगळ्या."

मी चावायचं थांबवलं.